पहाटे सहाची संथा

ॲन आर्बर, ४ जानेवारी १९८७, रविवार, पौष शुद्ध पंचमी

जिच्या कृपेवाचून दिव्याला ज्योत आणि वाणीला अर्थ लाभत नाही, त्या कुलस्वामिनीच्या चरणी मस्तक ठेवून ही नवी वही सुरू करतो. जे लिहीन ते खरे लिहीन. आणि जे खरे लिहिण्याचे धैर्य होणार नाही, ते लिहिणार नाही. एवढी बुद्धी तिने द्यावी.

प्रसंग असा आहे. माझी नात दीपा चौदा वर्षांची असून नववीत शिकते. तिच्या हायस्कुलातून काल पत्र आले. गणित आणि विज्ञान या विषयांत जी मुले इतरांहून पुढे असतात, त्यांच्यासाठी शाळेत ‘ऑनर्स प्रोग्रॅम’ नावाचा निराळा वर्ग चालतो. एका मुलाचे कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यामुळे त्यात एक जागा रिकामी झाली आहे, आणि ती दीपाला देऊ केली आहे. सोळा तारखेच्या आत पालकांची सही हवी. सव्वीस तारखेपासून वर्गात हजर व्हायचे.

माझा मुलगा हेमचंद्र याने ते पत्र दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहून मोठ्याने वाचले. सून सरला इथल्या इस्पितळात डॉक्टर आहे, ती सहसा भावना दाखवत नाही. तिने पत्र त्याच्या हातून घेऊन पुन्हा स्वतः वाचले आणि चष्मा पुसला.

पत्राच्या तळाशी एक ओळ होती. या वर्गाचा पहिला तास शाळा भरण्यापूर्वी, पावणेसात वाजता असतो. बस सहा वाजून पाच मिनिटांनी आमच्या कोपऱ्यावर येईल.

सहा ते सात हा माझा आणि दीपाचा संथेचा तास आहे.

६ जानेवारी, मंगळवार

संथा म्हणजे काय, हे या घरात दीपावाचून कोणाला ठाऊक असण्याचे कारण उरलेले नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी वेदमंत्राची एक ओळ म्हणायची, तिने ती दोनदा म्हणायची. स्वर जिथे चढला तिथेच चढला पाहिजे, उतरला तिथेच उतरला पाहिजे. पुस्तक उघडायचे नाही. माझ्या वडिलांनी मला असेच शिकवले, त्यांना त्यांच्या वडिलांनी. हेमचंद्राची मुंज झाल्यावर दोन वर्षे हे चालले. पुढे त्याचे गणित वाढले, आणि मी आग्रह धरला नाही.

मुलींना संथा द्यायची नाही, असा आमच्या घरचा रिवाज. चार वर्षांपूर्वी पत्नी गेली आणि मी या देशात आलो, तेव्हा दहा वर्षांची दीपा एका पहाटे पायमोजे घालून माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझ्यामागून म्हणू लागली. मी थांबलो नाही. रिवाज मोडतो आहे, हे तिसऱ्या दिवशी ध्यानात आले. तोवर तिला अकरा ओळी येत होत्या.

माझ्या वडिलांना दम्याचा विकार होता. एका ठिकाणी ओळीच्या मध्येच त्यांना श्वास घ्यावा लागे. मी तो श्वासही शिकलो. मिशिगनमध्ये जन्मलेली ही मुलगी आज बरोबर तिथेच श्वास घेते. बाहेर बर्फ पडत असतो, काचा पांढऱ्या झालेल्या असतात, आणि पन्नास वर्षांपूर्वी गुहागरच्या किनाऱ्यावर निमालेला माणूस माझ्या शेजारी श्वास घेतो. याहून अधिक मला या आयुष्याकडून काही मागायचे नव्हते.

८ जानेवारी, गुरुवार

काल रात्रीच्या जेवणाला विषय निघाला.

“आय डोन्ट वॉन्ट इट, बाबा,” दीपा म्हणाली.

“अगं पण का? यार, लोक अशा प्रोग्रॅमसाठी घरं शिफ्ट करतात!”

“इट्स टू अर्ली.”

“अर्ली? तू पाचला उठतेस! अख्ख्या ॲन आर्बरमध्ये त्या वेळी तू आणि दूधवाला.”

“बाबा, इथे दूधवाला नसतो.”

“मग तू एकटीच!”

सरला हसली नाही. “तुझे मॅथ्सचे सर म्हणाले, वीस मिनिटांत टेस्ट संपवतेस आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसतेस. कंटाळा येत नाही तुला?”

“येतो,” दीपा म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिले, आणि मग ताटाकडे. “बट आय हॅव संथा.”

त्या क्षणी माझे मन कसे झाले, ते लिहिले पाहिजे. मला अतिशय आनंद झाला. एवढ्या लहान वयात श्रेय आणि प्रेय यांतला भेद हिला कळला, विद्येची गोडी लागली, असे वाटून डोळे भरून आले. ते लपवण्यासाठी मी ताकाची वाटी तोंडाला लावली.

“आप्पा, तुम्हीच सांगा,” हेमचंद्र म्हणाला. “तुम्ही म्हणाल ते फायनल.”

सरलाने ताटे उचलायला सुरुवात केली. एरवी होतो त्यापेक्षा आवाज थोडा जास्त झाला.

मी म्हणालो, “मला दोन दिवस द्या. देवीला कौल लावतो.”

१० जानेवारी, शनिवार

आज कौल लावला.

कोकणात आमच्याकडे मोठा निर्णय माणसाने एकट्याने घ्यायचा नसतो. देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची, गाऱ्हाणे घालायचे, आणि वाट पाहायची. देवीच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होकार. डाव्या अंगाची पडली तर नकार. पाणी वाळले की पाकळी सुटते, एवढेच दिसायला दिसते. कोणती आधी सुटावी, हे तिच्या हाती.

सुपरमार्केटातून आणलेली पांढरी शेवंती होती. स्नान करून, सोवळे नेसून बसलो. हेमचंद्र आणि दीपा मागे बसले. सरला इस्पितळात होती. मी म्हणालो, “आई, पोरीचे हित कशात आहे ते तू जाणतेस. ऑनर्स वर्गात जावे असे असेल तर उजवा दे, जाऊ नये असे असेल तर डावा दे.”

अकरा मिनिटांनी डावी पाकळी पडली.

मी नमस्कार केला. कपाळ जमिनीला टेकले असताना माझ्या मुखावर हसू होते. ते कोणी पाहिले नाही.

११ जानेवारी, रविवार

सरलाने सकाळी चहा देताना विचारले, “आप्पा, एक विचारू? देवीवर माझाही विश्वास आहे. पण देवीनं दीपाची रिपोर्ट कार्डं पाहिलीत का?”

हेमचंद्र म्हणाला, “सरला, प्लीज.”

“नाही, मी फक्त विचारतेय.” आणि ती ड्रायव्हिंगचे बूट घालायला निघून गेली. तिचे माहेर नागपूरचे, आणि नागपूरची माणसे तोंडावर बोलतात. मला त्याचा राग येत नाही. 

दीपा ‘ओके’ एवढेच म्हणाली होती. आजच्या संथेत तिने तीन चुका केल्या. तिच्या इतक्या चुका कधी होत नाहीत. थंडी फार आहे. घसा धरला असावा. सरलाला सांगून हळदीचे दूध द्यायला हवे.

१३ जानेवारी, मंगळवार

शाळेतून आल्यावर दीपा माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. हातात चौकटीचा कागद होता.

“आप्पा, तुम्ही रागावणार नसाल तर एक दाखवू?”

“आधी दाखव, मग रागावायचे की नाही ते ठरवू.”

तिने पूजेचा तांब्या उचलून आणला. “मूर्तीला नाही हं केलं. तांब्याला केलं. आणि त्याला आधी सॉरी म्हटलं.”

देवघर आम्ही दिवाणखान्यातल्या एका बुटक्या कपाटावर मांडले आहे. त्याच्या बाजूला, देवीच्या डाव्या हाताला, जमिनीत लोखंडी जाळी आहे. तिच्यातून तळघरातल्या भट्टीची गरम हवा वर येते. तिला व्हेंट म्हणतात. जाळीला एक खटका आहे, तो पायाने ढकलला की हवा सुरू किंवा बंद होते. दीपाने रविवारी दिवसभर आणि काल शाळेतून आल्यावर, मी खोलीत असताना, त्या जागी तांब्या ठेवून, त्याच्या दोन बाजूंना पाकळ्या चिकटवून पाहिल्या. व्हेंट उघडे ठेवून वीस वेळा. बंद ठेवून वीस वेळा. उघडे असताना अठरा वेळा डावी पाकळी आधी पडली. बंद असताना नऊ वेळा उजवी, अकरा वेळा डावी.

“म्हणजे काय?”

“गरम हवा डावीकडून येते ना? म्हणून डावीकडचं पाणी आधी वाळतं. दॅट्स ऑल.” मग माझा चेहरा पाहून ती घाईघाईने म्हणाली, “म्हणजे देवी नाहीये असं नाही, आप्पा. मे बी तिला बोलायला टर्नच मिळाली नाही.”

मी तो कागद हाती घेऊन वाचला. आकडे सुबक होते. ज्या दोन वेळा उजवी पाकळी पडली, त्या वेळांपुढे तिने लिहिले होते, ‘आई दार उघडून आत आली.’

हे सारे सांगताना तिचे डोळे जसे चमकत होते, तसे मी चार वर्षांत, संथेच्या सहस्र पहाटांत, एकदाही पाहिले नव्हते. ही गोष्ट मी आज पाहिली. लिहून ठेवतो.

आणखी एक. शनिवारी माझे गुडघे गारठले होते, म्हणून मी पायाने खटका ढकलून व्हेंट उघडले होते. गाऱ्हाणे घालण्यापूर्वी की नंतर, हे मला आठवते. आणि मनात काय होते, तेही आठवते.

ते लिहीत नाही.

१४ जानेवारी, बुधवार, मकर संक्रांत

तीळगूळ झाला. मन स्थिर नाही.

माझी मुलगी कांचन गुहागरातच दिली आहे. आज सेहेचाळीस वर्षांची आहे. ती दीपाएवढी असताना तिला शिष्यवृत्ती मिळाली होती आणि हेडमास्तर स्वतः घरी आले होते. म्हणाले, “हिला पुण्याला वसतिगृहात ठेवा, ही मुलगी इथे वाया जाईल.” ते पंचावन्न साल. महिना, वार मला काही आठवत नाही. तेव्हाही मी कौल लावला होता. तेव्हाही डावा आला होता.  कांचन उठली आणि गोठ्याकडे गेली. पुढे चार वर्षांनी तिचे लग्न झाले.

आमच्या जुन्या देवघराला पश्चिमेकडे खिडकी होती. ती देवीच्या डाव्या हाताला होती. तिच्यातून समुद्राचा वारा येई. बत्तीस वर्षांत मला हा विचार एकदाही शिवला नव्हता. काल संध्याकाळपासून दुसरा विचार सुचलेला नाही. ती खिडकी त्या दिवशी उघडी होती का?

आज सकाळी आठला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

“आप्पा! तीळगूळ घ्या, गोड बोला! गुडघा कसा आहे? बर्फात बाहेर जात नाही ना?”

मी सगळे सांगितले. दीपाच्या वर्गाचे, कौलाचे, तांब्याचे. ती मोठ्याने हसली. “शाब्बास गं पोरी! तांब्याला सॉरी?”

मग मी विचारले. “कांचन, मी तुझ्यासाठी कौल लावला होता, तेव्हा देवघराची खिडकी उघडी होती का गं?”

“कसला कौल, आप्पा?”

“पुण्याच्या शाळेचा.”



“अगं बाई, एवढं जुनं! श्रावणातल्या त्या शुक्रवारचं आता कोणाला आठवतंय? खिडकीबिडकी काही आठवत नाही मला. तुम्ही उगीच जिवाला लावून घेऊ नका.” आणि मग, वेगळ्याच आवाजात, “दीपाला जाऊ द्या, आप्पा. विचारू नका कोणाला. जाऊ द्या.”

लाइन तुटली. पुन्हा लागली नाही.

ती विसरली आहे, हे ऐकून छातीवरचा मोठा भार उतरला. देव माणसाला विस्मरण देतो, ही त्याची थोर कृपा आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

गुडघ्याच्या तपासणीसाठी सरला मला गाडीतून घेऊन गेली होती. परतताना सिग्नलला गाडी थांबली असता ती म्हणाली, “आप्पा, एक सांगते. राग म्हणून नाही. सांगितलं नाही तर मला झोप यायची नाही.”

“सांग.”

“शाळेच्या काउन्सेलर, मिसेस कोवाल्स्की, त्यांचा काल मला फोन आला. दीपानं त्यांच्या ऑफिसात जाऊन नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. तर ती म्हणाली, ‘आम्ही सगळे सकाळी निघून जातो. माझे आजोबा दिवसभर एकटे असतात. दिवसातला तेवढा एकच तास ते बोलतात. तोही मी घेतला तर ते काय करतील?’”

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला, तेव्हा तिने गाडी पुढे काढली.

आजपर्यंत माझी समजूत अशी होती, की पहाटे सहाला मी या मुलीला काही देतो आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना अर्थ सांगितला. शाळेत तीस वर्षे, देवळात चाळीस वर्षे. शेजारी बसलेल्या लेकराच्या चार वर्षांचा अर्थ मात्र मला रस्त्यावरच्या दिव्याखाली सुनेने सांगावा लागला.

संध्याकाळी दीपा गृहपाठ करत होती. सरला कांदा चिरत होती. मी खुर्ची ओढून बसलो.

“दीपा, उद्यापासून संथा बंद करू या.”

तिने मान वर केली. “व्हाय?”

“या थंडीत पहाटेचे उठणे आता मला झेपत नाही. सातपर्यंत झोपावे म्हणतो. तुझ्या आईनेच सांगितले आहे.”

सरलाने मान वर केली नाही. “हो, मीच सांगितलं. बी.पी. चढतंय त्यांचं. झोप पाहिजे.”

“खरंच, आप्पा? यू आर शुअर?”

“खरंच. आणि त्या वेळात तू रिकामी बसून काय करणार? त्या वर्गाला जा.”

“आणि कौल?”

“कौल लावताना माझी चूक झाली. चुकलेल्या गणिताचे उत्तर कोण धरून बसतो?”

तिचा चेहरा उजळला. क्षणार्धच, लगेच तिने तो आवरला आणि म्हणाली, “मग वीकएंडला संथा करू. प्रॉमिस?” पण तो अर्धा क्षण मी पाहिला. कांचनच्या चेहऱ्यावर तो उमटायला हवा होता, आणि मी तो उमटू दिला नाही. सरला कांदा चिरत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

बहात्तर वर्षांच्या आयुष्यात समजून उमजून बोललेले हे माझे पहिले असत्य. शास्त्रात त्याला प्रायश्चित्त सांगितले आहे. ते मी घेणार नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

हेमचंद्राने सही केली. आनंदाने त्याने तारीख चुकवली, आणि खोडून पुन्हा लिहिली.

२६ जानेवारी, सोमवार

आज तिचा पहिला दिवस.

साडेचारला जाग आली. साठ वर्षांची सवय एका थापेने जात नाही. पण बोललो ते निभावलेच पाहिजे. दिवा लावला नाही. स्नानाला उठलो नाही. पांघरूण मानेपर्यंत ओढून, डोळे मिटून पडून राहिलो. ओठ आपोआप हलू लागले, ते दातांखाली धरले.

पाचला तिच्या खोलीतले घड्याळ वाजले आणि लगेच बंद झाले. मग जिना, मग नळ, मग स्वयंपाकघरात कपाटाचे दार, अगदी हळू. ती माझी झोप जपत होती. बाहेर फावड्याचा आवाज आला. हेमचंद्र तिच्यासाठी वाट मोकळी करत असावा. मग बुटांची चेन, आणि जाड कोटाची सळसळ.

ती माझ्या दाराशी आली. दार बोटभर उघडले, हे पापण्यांवर पडलेल्या उजेडावरून कळले. मी झोपलेल्या माणसासारखा लांब श्वास घेऊ लागलो.

“आप्पा,” ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “येते हं.”

आमच्यात घराबाहेर पडणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्याने ‘ये’ म्हणायचे असते. ते ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडू नये, असे माझी आई सांगे. माझ्या कंठापर्यंत तो शब्द आला होता. उच्चारला असता तर मी जागा आहे हे तिला कळले असते, आणि उद्या ती गेली नसती.

मी श्वास घेत राहिलो. ती उभी राहिली. बरीच उभी राहिली. कोपऱ्यावर बस येऊन थांबल्याचा आवाज आला, तरी ती उभीच होती. मग बाहेरून हेमचंद्राने हाक मारली, तेव्हा दार मिटले. माझी गाढ झोप पाहून तिची खात्री पटली असावी.

बस निघून गेल्यावर मी उठून बसलो आणि रिकाम्या खोलीत तो शब्द मोठ्याने म्हटला.

पुढे कधी ही वही कोणाच्या हाती लागेल, कोण जाणे. माझ्यामागे या घरात ही लिपी वाचणारी एकच व्यक्ती असेल, किंवा तीही नसेल. ज्या कोणाची दृष्टी या अक्षरांवर पडेल, त्याचे कुलस्वामिनी कल्याण करो. तुमच्या घरातून पहाटे निघालेले प्रत्येक लेकरू त्याला हवे तिथे सुखरूप पोहोचो. आणि ज्यांच्या ‘येते’ला घरून उत्तर मिळाले नाही, आज किंवा बत्तीस वर्षांपूर्वी, त्या सर्वांना या म्हाताऱ्याचे दोन्ही हात जोडून एकच सांगणे: या. केव्हाही या.

शुभं भवतु.